मधल्या खोलीचं दार

आमच्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा पुढचं दार मोठ्या बाबांकडे गेलं. त्याच्या चौकटीवर गणपती कोरलेला, बाजूला वेलबुट्टी, फळ्यांवर पितळी फुल्या. आमच्या वाट्याला मागची अडीच खणं आली. मधे भिंत घातली, तिला जायला-यायला एक भगदाड ठेवलं आणि त्यात निंबाच्या चार फळ्यांचं दार बसवलं. सपाट. पाटावर बसावं तर पाट बरा, असं.

अमळनेर तालुक्यातलं बोरीकाठचं आमचं गाव. जुन्या घरांची दारं बहुतेक सागवानी, कारण सातपुडा लांब नव्हता. पण 1878 च्या वन कायद्यानंतर जंगलं राखीव झाली, सागाला सरकारी शिक्का आणि परवाना लागला. पुढे ज्याच्याकडे कपाशीचा पैसा त्याच्याकडे साग, बाकीच्यांकडे बांधावरचा निंब आणि बाभूळ. पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला, पश्चिमेचा धुळे. दारांची ही वाटणी मात्र दोन्हीकडे सारखीच राहिली. निंबाला वाळवी लवकर धरत नाही, एवढाच त्याचा मोठेपणा.

त्या साली ताईला बघायला पाहुणे येणार होते. मायनं मिस्तरींना निरोप धाडला. ते आले, दार उघडून-लावून पाहिलं. माय म्हणाली, "मिस्तरी, लोके आधी दार देखतीन, मंग पोर. याले काही रूप द्या."

"रूप द्यायला लाकूड लागतं, वैनी," मिस्तरी म्हणाले. पट्ट्या मारून दाराचे चौकोन पाडता येतील, पण पट्ट्या सरळ रेघेच्या, जुन्या मुरलेल्या लाकडाच्या हव्यात. ओल्या लाकडाची पट्टी महिन्यात पिळते.

मोठ्या बाबांशी तेव्हा आमचं बोलणं नव्हतं. भिंत घालताना वीतभर जागेवरून जे बिनसलं ते बिनसलं. पण भिंतीला कान असतात, आणि ती भिंत तर कच्च्या विटांची. दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या ओट्याला एक मोडकी खिडकीची चौकट टेकवलेली होती. वाड्याच्या माडीवरची, सागाची. कोणी ठेवली हे कोणी विचारलं नाही. आप्पांनी ती उचलून मिस्तरींपुढे टाकली आणि शेतात निघून गेले.

मिस्तरींनी ती चिरून दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या काढल्या, रंध्यानं एका कडेला गोलाई दिली. गेरूत भिजवलेली दोरी दारावर ताणून टपकन सोडली की तांबडी रेघ उमटायची. कडेपासून चार बोटं जागा सोडून वर एक उभा मोठा चौकोन, खाली एक आडवा लहान. "दोन सारखे केले तर शाळेची पाटी दिसते," हे त्यांचं शास्त्र. कोपरे पंचेचाळीस अंशात कापलेले, नखही जाणार नाही असे. आडव्या पट्टीला मात्र मधे एकच खिळा पक्का, टोकं जराशी सैल. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, फळ्या आक्रसतात, पावसाळ्यात फुगतात. पट्टीनं चारही फळ्या घट्ट बांधल्या तर एखादी तडकतेच.

काम करता करता ते फैजपूरची गोष्ट सांगायचे. डिसेंबर 1936 मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींनी सजावटीला शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं, आणि त्यांनी बांबू, चटया अशा गावच्याच वस्तूंतून ती उभी केली. मिस्तरींचे वडील ते बघायला गेले होते. "बापानं येऊन एवढंच सांगितलं," मिस्तरी म्हणायचे, "तिथं सोन्याचं काही नव्हतं, पण मान वर करून बघावं लागत होतं." बापानं सांगितलेलं लेक थोडं फुगवून सांगतो, ते सोडून देऊ.

राहिला रंग. रंगाला पैसे नव्हते. पण पोळा नुकताच झाला होता. एशियन पेंट्स ही 1942 साली मुंबईत निघालेली कंपनी. तिचे छोटे डबे खेड्यांतल्या दुकानांत पोचले ते बरेचसे बैलांच्या शिंगांच्या जोरावर. डब्यावरचा कुंचला धरलेला गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली काढला, हे मला फार उशिरा कळलं; आमच्यासाठी तो पोळ्याचा पोरगा होता. आमच्या घरात लाल रंगाचा एक डबा अर्धा उरला होता. उरला, कारण पुढच्या पोळ्याला लागणार नव्हता. ताईच्या लग्नाचा खर्च काढायला आप्पांनी जोडी बाजारात नेली होती. शिंगं रंगवलेलीच होती.

मिस्तरींनी गाठींवर लाखेचा हात दिला, नाहीतर निंबाचा डिंक रंगातून डोकावतो. खिळ्यांची डोकी आत ठोकून वर अळशीच्या तेलात कालवलेली खडूची लांबी भरली, पॉलिश पेपर मारला. फळ्यांना चुन्यात निळीचा हात, पट्ट्यांना लाल. पावसाळी हवा, रंग आठ दिवस चिकट राहिला आणि त्यात एक माशी कायमची बसली.

आप्पा संध्याकाळी आले, दारापुढे उभे राहिले. गोठ्याकडे पाहिलं. "बैल ग्यात, रंग ऱ्हायना," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

पाहुणे आले, ताईचं जमलं. साखरपुड्याला मोठे बाबा आले ते आमच्या बाजूनं, त्या दारातून. वाकून, कारण चौकट बसकी होती. दारावरची पट्टी त्यांनी अंगठ्यानं चाचपली. "माडीवरली शे ना?" त्यांनी विचारलं. आप्पा म्हणाले, "हा, भाऊ." तीन वर्षांतलं तेवढं पहिलं बोलणं.

मागच्या साली वाडा पाडला. कोरीव दार घ्यायला मुंबईचा एक व्यापारी ट्रक घेऊन आला. आमच्या दाराकडे त्यानं पाहिलंही नाही. मी ते धुळ्याला आणलं, देवपुरातल्या माझ्या फ्लॅटमध्ये. तिथली सगळी दारं प्लायची, गुळगुळीत. सूनबाईंना त्यांवर तयार मोल्डिंग चिकटवून हवं होतं, तेही केलं. निंबाचं दार स्वयंपाकघराला लावलं. नव्या चौकटीला ते आठ बोटं आखूड पडलं, म्हणून खाली फळी जोडावी लागली. रंगारी पोरगा खरवडायला बसला. निळीचा थर निघाला, वरचे दोन-तीन ऑइल पेंट निघाले, आणि पट्टीवर तांबडं दिसायला लागलं.

"काका, हे पण काढू का?"

मी त्याच्या हातातली पत्री घेतली आणि त्याला चहा प्यायला पाठवलं.