कर्दळीचा कंद खाता येतो, मग कळलावीचा का नाही?

रस्त्याच्या दुभाजकावर, सोसायटीच्या गेटपाशी, सरकारी कचेरीच्या आवारात लाल-पिवळ्या फुलांची कर्दळ आपल्याकडे जिथे तिथे दिसते. पाणी मिळालं की वाढते, फारशी निगा लागत नाही. पण हेच झाड दक्षिण अमेरिकेत हजारो वर्षांपासून कंदासाठी लावलं जातं. तिथे त्याला 'अचिरा' म्हणतात.

शास्त्रीय नाव कॅना इंडिका. नावात 'इंडिका' असलं तरी झाड मूळचं भारतातलं नाही, अमेरिका खंडातलं आहे. (जुन्या मराठीत 'कर्दळी' म्हणजे केळ, त्यामुळे जुन्या ग्रंथांत हा शब्द आला की हीच फुलझाडं होती असं समजू नका.)

कर्दळ शिजवतात कशी?

पेरूमध्ये कोवळे कंद सालीसकट भाजतात किंवा उकडतात. वेळ भरपूर लागतो, जमिनीतल्या भट्टीत तर कित्येक तास. शिजल्यावर गर अर्धपारदर्शक, चिकटसर आणि गोडसर होतो. साल काढून तो नुसताच खातात. कुस्को शहरात जूनच्या आसपास येणाऱ्या कॉर्पस क्रिस्ती या ख्रिस्ती सणाला शिजवलेली अचिरा बाजारात विकायला येते.

तरी कर्दळीची खरी किंमत तिच्या पिठात आहे. कंद किसून पाण्यात कालवायचा, गाळायचा आणि ठेवून द्यायचा. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढताना सत्त्व तळाशी बसतं, तसंच इथेही होतं. फक्त कर्दळीच्या स्टार्चचे कण फार मोठे असतात, म्हणून ते झटपट खाली बसतात. वरचं पाणी ओतून द्यायचं, खालचा पांढरा थर वाळवायचा. कोलंबियाच्या उइला भागातली प्रसिद्ध बिस्किटं याच पिठाची. व्हिएतनाममध्ये यापासून काचेसारख्या पारदर्शक शेवया बनतात, त्यांना 'मिएन झाँग' म्हणतात. ऑस्ट्रेलियात हेच पीठ 'क्वीन्सलंड आरारूट' या नावाने ओळखलं जायचं.

मग दारातली कर्दळ उपटून कुकरला लावावी का? विषारी नाही, पण निराशा होईल. बागेतले संकरित प्रकार फुलांसाठी निपजवलेले असतात. त्यांचे कंद बारीक आणि धागेदार निघतात.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. कर्दळ घाण पाण्यात मजेत वाढते आणि त्यातले जड धातू शोषून घेऊ शकते. या गुणामुळेच सांडपाणी शुद्ध करायला ती मुद्दाम लावतात. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिड तंत्रातही अशा झाडांचा वापर होतो. त्यामुळे नाल्याकाठची, दुभाजकावरची कर्दळ खायला अजिबात नाही.

डेलिया आणि शोभेचं रताळं

हिवाळ्यात कुंड्यांमधून फुलणारा डेलिया मूळचा मेक्सिकोचा, 1963 पासून तिथलं राष्ट्रीय फूल. त्याचे कंद तिथले लोक पूर्वीपासून खात आले आहेत. युरोपात गेल्यावर बटाट्यासारखा तो खाऊन पाहिला गेला, पण जिंकली ती फुलंच. साल कडवट असते, ती काढून टाकायची. चव जातीप्रमाणे बदलते, काही कंद चक्क बेचव असतात. यात स्टार्चऐवजी इन्युलिन असतं. ते लहान आतड्यात पचत नाही, म्हणून पहिल्यांदा खाताना दोन-चार फोडींवर थांबलेलं बरं, नाहीतर पोटात गॅस ठरलेला.

बाल्कनीतल्या कुंडीतून लोंबणारी पोपटी किंवा जांभळट पानांची वेल तर अनेकदा साधं रताळंच असतं. जात शोभेची, तरी कंद खाण्याजोगा, फक्त गोडी कमी.

रताळ्यासारखी दिसणारी कळलावी

घोटाळा होतो तो इथे. पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलं येणारी कळलावी (खड्यानाग) आपल्या रानात उगवते आणि हौसेने बागेतही लावली जाते. तिचा कंद रताळं किंवा रानातला कंद समजून खाल्ल्याने भारतात आणि श्रीलंकेत लोक दगावले आहेत.

यात कोल्चिसिन असतं. हेच द्रव्य अगदी छोट्या मात्रेत गाऊटवरचं औषध आहे. कंदातून जास्त गेलं तर काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात, पुढे रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जाच बंद पडू लागते. वाचलेल्या रुग्णांचे केस आठवडा-दोन आठवड्यांनी गळतात. उकडल्याने हे विष जात नाही. 'नीट शिजवलं की चालतं' हा स्वयंपाकघरातला भरवसा इथे जिवावर बेततो.

हा भरवसा आला तो सुरण आणि आळूमुळे. त्यांचा त्रास वेगळा आहे. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशात टोचतात. नीट शिजवून, चिंच किंवा आमसूल घालून आपण ती खाज घालवतो. पण आळूसारखंच दिसणारं शोभेचं अलोकेशिया, रंगीत पानांचं कॅलेडियम आणि ऑफिसातलं डिफेनबॅकिया यांच्यावर हा प्रयोग नको. तोंड आणि जीभ सुजू शकते. आळूचा देठ पानाच्या काठाला न जुळता थोडा आत जुळतो, ही खूण सांगितली जाते. पण काही अलोकेशियांचंही तसंच असतं, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका.

नर्सरीतून आणलेल्या झाडाबद्दल आणखी एक. शोभेच्या झाडांवर फवारलेली काही कीटकनाशकं मुळापर्यंत झिरपतात. खायचंच असेल तर ओळख पक्की असलेला कंद स्वतःच्या मातीत लावा आणि त्याचं पुढचं पीक वापरा.

कुणी अनोळखी कंद खाल्लाच तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका. लक्षणं दिसायची वाट न पाहता 108 ला फोन करा. उरलेला कंद आणि झाडाचं पान-फूल सोबत न्या, डॉक्टरांना विष ओळखायला त्याचीच सर्वाधिक मदत होते.