इंग्रजी चिनी मातीची जुनी भांडी : वऱ्हाडातील संग्रह

अठराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये घडलेल्या पोर्सेलीनच्या कपबश्या, किटल्या, ताटल्या जमवण्याचा छंद. चेल्सी, डर्बी व वूस्टर (१७५१) हे आरंभीचे नामांकित कारखाने. हाडांची राख मिसळलेल्या ‘बोन चायना’ला १८०० च्या सुमारास स्टोक येथील स्पोड कारखान्यात स्थिर रूप आले.

वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. तेव्हापासून मुंबई बंदरात उतरलेला विलायती माल अकोला, बडनेऱ्यापर्यंत सहज येऊ लागला. सोवळ्याच्या घरांत मात्र परक्या कपातला चहा वर्ज्य होता. पुण्यात १८९० च्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधील चहापानावरून टिळक-रानड्यांनाही ग्रामण्याला, म्हणजे जातिबहिष्काराच्या वादाला, तोंड द्यावे लागले. त्यामुळे विलायती कपबश्या पाहुण्यांसाठी वेगळ्या ठेवण्याची रीत अनेक घरांत होती.

पारख हातानेच होते. बशी उजेडासमोर धरून मागे बोटे फिरवावीत. बोन चायनातून त्यांची सावली दिसते, साध्या भाजलेल्या मातीतून दिसत नाही. निळ्या ‘विलो’ नक्षीच्या पुष्कळ ताटल्या या दुसऱ्या जातीच्या असतात. काठाजवळ नक्षी जिथे नीट जुळलेली नाही, तिथे छापाच्या कागदाचा सांधा ओळखावा. टिचकी मारल्यावर धड कप खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो. तळाशी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा नोंदणीशिक्का असेल तर नक्षी १८४२ ते १८८३ या काळात नोंदलेली. ‘इंग्लंड’ हा शब्द बहुधा १८९१ नंतरचा. मास्त्रिखच्या पेट्रस रेगूच्या ताटल्या डच आहेत, त्या इंग्रजी समजून घेऊ नयेत.

नजर तयार करायची तर हैदराबादचे सालारजंग संग्रहालय (१९५१) गाठावे. वऱ्हाड निजामाला परत मिळावा म्हणून त्याचे दिवाण पहिले सालारजंग यांनी इंग्रजांशी दीर्घकाळ झुंज दिली. त्यांचे नातू तिसरे सालारजंग यांच्या या संग्रहात इंग्रजी पोर्सेलीनचे उत्तम नमुने आहेत.

शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते; खासगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही. सुटा कप कवडीमोलाने भंगारात देण्याआधी तो कोणत्या गावच्या, कोणत्या घरातला, हे चिठ्ठीवर लिहून त्याच्याजवळ ठेवावे. ही माहिती शिक्क्याइतकीच मोलाची आहे, आणि ती फक्त घरची माणसेच देऊ शकतात.