जीर्ण गृहाचा विक्रय आणि माळ्यावरील कागद

खारेपाटण हें नांव संशोधकांस तेथील दोन ताम्रपटांमुळें परिचित आहे. पैकीं शिलाहार रट्टराजाचा शके 930 (इ. स. 1008) चा पट प्रथम प्रसिद्ध केला तो देवगड तालुक्यांतील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनीं, पुढें कीलहॉर्न यांनीं तो एपिग्राफिया इंडिकाच्या तिसऱ्या खंडांत संपादून छापला. अव्वेश्वराच्या देवालयास तीन गांवें देतांना पूजा आणि तपस्व्यांचें अन्नवस्त्र यांबरोबर देवालयाच्या डागडुजीचीही सोय त्यांत सांगितली आहे. देवालयास असा दाता मिळाला. गृहस्थाच्या घरास तो मिळत नाहीं. छप्पर बसलें, भिंती पावसानें विरघळल्या, म्हणजे तें घर आहे त्या स्थितींत रोख पैसे घेऊन विकण्याची वेळ येते. या व्यवहाराविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आमच्या शास्त्रकारांनीं घराचा विक्रय कधींही खाजगी मानला नाहीं. कौटिल्याच्या मतें आधीं नातलग, मग शेजारी, मग धनको यांस घेण्याचा हक्क, परका त्यानंतर. शेजारच्या चाळीस कुळांसमक्ष घरापुढें सीमा सांगून, या किंमतीस कोण घेतो, असें तीनदां पुकारावें, असा त्याचा दंडक आहे. मिताक्षरेंत तर ग्राम, ज्ञाति, सामंत व दायाद यांची अनुमति आणि सुवर्ण व उदक यांचें दान अशा सहा गोष्टींनीं भूमि हस्तांतरित होते, असें सांगितलें आहे. याज्ञवल्क्यानें बीजास दहा दिवस, लोखंडास एक, रत्नांस सात अशा परीक्षेच्या मुदती ठरविल्या. सारांश, वस्तूचा दोष कळण्यास अवसर मिळावा, हें तत्त्व जुनें आहे.

सन 1882 च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांतही तेंच तत्त्व दिसतें. 100 रुपये वा त्याहून अधिक किंमतीचें स्थावर नोंदलेल्या खतावांचून विकतां येत नाहीं. जो मोठा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, पण घेणाऱ्यास साधारण काळजीनें पाहूनही कळणार नाहीं, तो सांगणें विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. पडलेलें छप्पर कोणासही दिसतें. सामाईक भिंतीवरील शेजाऱ्याचा हक्क मात्र दिसत नाहीं. रोखीचीही मोकळीक राहिलेली नाहीं. जून 2015 पासून स्थावराच्या व्यवहारांत 20,000 रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास आयकराच्या कायद्यानें मनाई आहे.

आतां एक अनुभव. निवृत्तीनंतर आम्हांस खारेपाटणांतील एका पडक्या घराच्या खरेदीखताचा मसुदा वाचून पाहण्यास बोलाविलें होतें. कुटुंब मुंबईस, घेणाऱ्यास जागा, चिरे व सागवानी खांब हवे होते. चतुःसीमा पाहिल्या, वारसांचीं नांवें तपासलीं, दोन शब्द सुधारले आणि परतलों. माळ्यावर चढलों नाहीं. वासे कुजलेले आहेत, हें कारण त्या वेळीं पुरेसें वाटलें.

पावसाळ्यानंतर पुन्हां गेलों, तेव्हां घर मोकळें झालें होतें. माळ्यावरून दोन रुमाल निघाले. ते कामकऱ्यांच्या चुलीत गेले. एक अर्धवट जळलेला मोडी बंद एका मुलानें आम्हांस आणून दिला. त्यांत पूर्वेकडील भिंत दोन्ही घरांची सामाईक असल्याचा करार होता. त्याच भिंतीवरून पुढें शेजारी व घेणारा यांचा वाद जुंपला. करार करणारांचीं नांवें आणि तिथि जळालेल्या भागांत होतीं. म्हणून तो तुकडा वादांत कोणाच्याही उपयोगीं पडला नाहीं. दोष कोणास द्यावा? कामकऱ्यांनीं कागद जाळला. आम्ही तो वेळीं पाहिला नाहीं.

जुन्या इनामपत्रांत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप इतकें सारें मोजून दिलेलें असे. आजच्या खतांत दगडलाकडाचा उल्लेख असतो, दफ्तराचा नसतो. राजवाडे यांनीं वाईस मिळालेल्या कागदांवरून 1898 सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला. ते कागदही एका घरांतूनच मिळाले होते.

यास्तव वाचकांस आमची विनंति आहे. परिचयांत असें घर विक्रीस निघाल्यास मसुद्यांत एक कलम घालवावें: घरांतील पोथ्या, मोडी कागद व ताम्रपट विक्रींत समाविष्ट नाहींत, ताबा देण्यापूर्वीं त्यांची याद करून विकणारा ते नेईल. 1972 च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें 75 वर्षांहून जुनें, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचें हस्तलिखित पुरावस्तु ठरूं शकतें, हेंही मालकास सांगावें. आणि मसुदा वाचण्यापूर्वीं, वासे कुजलेले असले तरी, शिडी लावून माळा पाहावा. आम्हीं तें केलें नाहीं, म्हणून हें लिहिलें.