‘परकीय’ कोण? एका कायद्याची अडचण

१/ १८६४ च्या परकीय व्यक्तींविषयीच्या कायद्याने गव्हर्नर जनरलला कोणाही परकीयास ब्रिटिश हिंदुस्थानातून घालवून देण्याचा अधिकार दिला. नोंदणीची कलमे जिथे लागू होत, तिथे परकीयाने आपले नाव, राष्ट्र, कोठून आलो, कोठे जाणार आणि कशासाठी, हे लेखी कळवायचे; मुंबईसारख्या इलाख्याच्या राजधानीत थेट पोलीस कमिशनरला.

२/ परंतु कायद्याच्या व्याख्येत ब्रिटिश राजसत्तेचा जन्मजात प्रजाजन ‘परकीय’ ठरत नव्हता. पुढे नेमकी हीच अडचण झाली.

३/ १९१४ साली गदर चळवळीचे लोक परदेशांतून मायदेशी परतू लागले. ते तर हिंदीच! म्हणून ५ सप्टेंबरला वेगळा वटहुकूम निघाला. त्यान्वये देशात येणाऱ्या कोणाचीही, मग तो हिंदी का असेना, हालचाल रोखता येऊ लागली. त्याच महिन्यात ‘कोमागाटा मारू’च्या प्रवाशांवर बजबज येथे गोळीबार झाला.

४/ १९२६-२७ मध्ये फिलिप स्प्रॅट आणि बेन ब्रॅडली हे इंग्रज कम्युनिस्ट हिंदुस्थानात आले. १९२८ चा मुंबईतील गिरणी संप सहा महिने चालला, आणि सरकारचा संशय त्यांच्याकडे वळला. पण इंग्रजाला ‘परकीय’ म्हणून हाकलणार कसे?

५/ उपाय म्हणून सार्वजनिक सुरक्षा विधेयक आले. अशा बिगर-हिंदी प्रचारकांना हद्दपार करणे हा त्याचा हेतू. सप्टेंबर १९२८ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ६१ विरुद्ध ६१ अशी बरोबरी झाली. अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांच्या निर्णायक मताने विधेयक फेटाळले गेले.

६/ सरकारने ते पुन्हा आणले. शिवाय २० मार्च १९२९ रोजी स्प्रॅट, ब्रॅडली, श्रीपाद अमृत डांगे आदींना अटक करून मेरठ खटला उभा केला. ८ एप्रिलला पटेल या विधेयकावर निर्णय देण्यास उठत असतानाच भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बॉम्ब टाकले.

७/ ११ एप्रिलला पटेलांनी खटला न्यायप्रविष्ट असल्याने विधेयकावर चर्चा अशक्य ठरवली. दोनच दिवसांत व्हाइसरॉय आयर्विन यांनी तोच मजकूर वटहुकुमाने लागू केला. सभागृहाचा नकार असा निरर्थक ठरला.

८/ बॉम्बप्रसंगानंतर बरोबर दहा वर्षांनी, ८ एप्रिल १९३९ रोजी, परकीयांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा झाला. हॉटेल-सराईच्या चालकावरही परकीय पाहुण्यांची माहिती देण्याची जबाबदारी आली. स्वतंत्र भारतानेही हा कायदा चालू ठेवला. तो रद्द झाला २०२५ साली.