गॅरंड रायफल आणि वंगणाचा प्रश्न

शस्त्रांच्या इतिहासात संशोधकाचे नाव व स्वीकाराचे वर्ष यांची नोंद अगत्याने होते. परंतु ते शस्त्र रणांगणावर कोणत्या निगेमुळे चालत राहिले, याचा विचार क्वचितच केला जातो. अमेरिकेच्या एम-१ रायफलचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेत जॉन गॅरंड यांनी सिद्ध केलेली ही अर्धस्वयंचलित रायफल १९३६ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारली.

तत्पूर्वीच्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर सैनिकास बोल्ट हाताने ओढावा लागे. घर्षण वाढले, तर हाताचा जोरही वाढविता येई. गॅरंडमध्ये हे काम नळीतील वायूकडे आले. तोंडाजवळच्या छिद्रातून निघालेला वायू लांब चालकदांड्यास मागे ढकलतो; दांड्याच्या खाचेत बसलेला बोल्टचा कान त्यामुळे फिरतो, बोल्ट सुटतो आणि रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे स्प्रिंगच्या बळाने तो परततो व नवे काडतूस आत सारतो. वायूची शक्ती मर्यादित असल्याने घर्षणाने तिचा अधिक वाटा घेतला, की रायफल अडखळते. वंगण हा येथे यंत्रक्रियेचाच एक घटक ठरला.

१९४० च्या अखेरीस अमेरिकन मरीन दलाने सॅन डिएगो येथे घेतलेल्या तुलनात्मक चाचण्यांत चिखल व समुद्राचे पाणी यांपुढे जुनी हातबोल्ट रायफल अधिक भरवशाची ठरली. तरीही वेगवान माऱ्याच्या गुणामुळे पुढील वर्षी त्या दलाने गॅरंडच स्वीकारली. मुसळधार पावसात एक दोष प्रकर्षाने जाणवे. पातळ तेल धुऊन जाई आणि दांड्याची खाच व बोल्टचा कान एकमेकांत घट्ट बसत. तेल वाहते, दाट वंगण पृष्ठभागास धरून राहते. म्हणून अशा दाट वंगणाच्या लहान डब्या सैनिकांना देण्यात आल्या. त्या दस्त्याच्या पोकळीत मावत. वाळूच्या प्रदेशात याच्या उलट धोरण हितावह होते. कारण तेलात मिसळलेली धूळ भाग झिजविते. १९५० च्या हिवाळ्यात कोरियातील चोसिन जलाशयाजवळ तापमान उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले, तेव्हा तेलच घट्ट होऊन शस्त्रे बंद पडू लागली. तेथे तेल पुसून काढणे हीच निगा ठरली.

सफाईचाही प्रश्न याच्याशी निगडित होता. त्या काळच्या बहुसंख्य काडतुसांच्या प्रज्वलकात पोटॅशियम क्लोरेट असे. त्यातून उरणारा क्षार हवेतील ओलावा शोषून पोलाद गंजवी. हा क्षार पाण्यात विरघळतो, तेलात नाही. म्हणून आधी पाणी किंवा जलयुक्त द्राव, मग कोरडी चिंधी व शेवटी तेलाचा पातळ थर, हा क्रम आवश्यक होता. क्षारावरच तेल चढविल्यास बाहेरून चकचकीत दिसणारी नळी आतून गंजत राही.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत या रायफली सुमारे ४० लाख निघाल्या. एवढ्या संख्येने सामान्य सैनिकाच्या हाती यंत्र देणे म्हणजे त्याच्यावर यंत्रज्ञाची जबाबदारी सोपविणेच होते. केव्हा तेल, केव्हा दाट वंगण आणि केव्हा यांपैकी काहीच नाही, हा विवेक चुकल्यास त्याची किंमत प्राणांनी चुकवावी लागे. गॅरंडचे यश शस्त्रशाळेत आरंभले. ते पूर्णत्वास गेले चिंधी व वंगणाची डबी हाती घेतलेल्या सैनिकाच्या दैनंदिन श्रमातून.