घरच्या विस्तवावरची कॉफी

प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७८१ साली प्रजेला घरी कॉफी भाजण्याची बंदी केली. पिण्याची नव्हे, भाजण्याची. ही हकिकत बहुधा लहरी राजाचा किस्सा म्हणून सांगितली जाते आणि वाचक हसून पान उलटतो. मला मात्र घरगुती भाजणीच्या इतिहासातली ही कळीची नोंद वाटते. घरी भाजायला सुरुवात करायची तर कोणते साधन घ्यावे, असे हल्ली मला बरेच जण विचारतात. माझे उत्तर नेहमी प्रशियापासून सुरू होते आणि विचारणारा जरा चुळबुळतो.

बंदीचे कारण व्यवहारी होते. कॉफी परदेशातून येई आणि तिच्यापायी देशाचा पैसा बाहेर जाई. जबर कर बसवला की चोरटी आयात वाढे. कच्ची कॉफी म्हणजे फिकट हिरवट, टणक बिया. कोरड्या जागी त्या अनेक महिने टिकतात आणि वासही सुक्या गवतासारखा, बेताचाच. धान्याच्या पोत्यात दडवल्या तर पत्ता कोणाला लागणार? पण त्याच बिया विस्तवावर चढल्या की साऱ्या गल्लीला बातमी कळते. म्हणून राजाने नेमकी भाजणीच सरकारी मक्तेदारीत घेतली. भाजलेली कॉफी सरकारकडूनच महाग घ्यायची. घरी भाजण्याचे परवाने सरदार, अधिकारी, धर्मगुरू अशा वरच्या थरातल्यांना. बाकीच्यांवर नजर, खरे तर नाक, ठेवायला युद्धात जायबंदी झालेले सैनिक नेमले गेले. लोक त्यांना ‘काफेरीखर’ म्हणत, म्हणजे कॉफीहुंगे. फ्रेडरिक १७८६ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी ही व्यवस्था मोडीत निघाली. त्या काळात चिकोरीच्या मुळांच्या पुडीला बळ मिळाले. माटुंग्यात कॉफी घेताना दुकानदार ‘चिकोरी किती टाकू?’ असे विचारतो ना, तीच ही चिकोरी.

त्या प्रशियन स्वयंपाकघरांत कशावर भाजत असतील? एक तर उघड्या तव्यावर, नाही तर पत्र्याच्या फिरत्या नळकांड्यात. जगभरच्या घरगुती भाजणीचा इतिहास या दोहोंच्या दरम्यानच हेलकावे खात आला आहे.

उघडे भांडे अर्थातच जुने. इथिओपियात पाहुण्यासमोर सपाट तव्यावर बिया भाजतात आणि धुराचा वास त्याच्यापर्यंत पोचवणे हा आतिथ्याचाच भाग असतो. अरबस्तानात लांब दांड्याचा लोखंडी पळा असतो, ‘मिहमास’. त्याच्या सोबतीला हलवायची लोखंडी सळई. आपल्या जुन्या मराठीत कॉफीच्या बियांना ‘बुंददाणे’ म्हणत. त्यातला ‘बुंद’ हा अरबी ‘बुन’च. शब्द आला, पळा मात्र आपल्या घरात आला नाही. उघड्या भांड्यात रंग दिसतो, हा त्याचा मोठा गुण. दोष असा की दाण्याची जी बाजू धातूला टेकते ती करपते आणि वरची कच्ची राहते. ज्यांनी भडभुंज्याला चणे-फुटाणे भाजताना पाहिले आहे त्यांना ही अडचण लगेच कळेल. तो कढईत तापलेली वाळू घालतो. वाळू दाण्याला चहूबाजूंनी कवटाळते आणि आच सारखी लागते. कॉफीवाल्यांनी वाळूऐवजी फिरवण्याचा मार्ग धरला.

सतराव्या शतकाच्या मध्यावर धातूची, आडव्या दांड्यावर फिरणारी नळकांडी दिसू लागतात. इंग्लंडमध्ये १६६०च्या सुमारास एल्फर्ड नावाच्या माणसाचे कल्हईच्या पत्र्याचे यंत्र चालत असे. मांस भाजण्याच्या सळईप्रमाणे ते चुलीपुढे फिरे. आच सारखी लागू लागली; पण दाणे झाकले गेले आणि भाजणाऱ्याचा डोळा गेला. आता कान आणि नाक यांच्यावरच भिस्त. सुदैवाने कॉफी स्वतःच बोलते. दोनशे अंशांच्या आसपास दाणे लाहीसारखे तडतडतात. ती पहिली तडतड. मग क्षणभर शांतता, आणि पुढे बारीक, चुरचुरीत अशी दुसरी. पहिलीच्या शेवटाला उतरवली तर आंबूस-गोडसर, दुसरीत शिरली तर कडवट, तेलकट.

भाजताना वजन किती घटते याचा मला आवडणारा पुरावा कॉफीच्या ग्रंथांत नाही, अमेरिकी यादवी युद्धातल्या शिध्याच्या नियमांत आहे. सरकारी सैन्यात शंभर शिध्यांमागे दहा पौंड कच्ची कॉफी किंवा आठ पौंड भाजलेली, असा हिशेब होता. म्हणजे पाचवा हिस्सा हवेत. कच्ची मिळाली की शिपाई ती छावणीच्या शेकोटीवर तव्यात भाजत आणि बंदुकीच्या दस्त्याने कुटत.

पण त्याच पिढीने घरची भाजणी सोडली. जेबेझ बर्न्सने १८६४ मध्ये आपोआप रिकामे होणाऱ्या मोठ्या भट्टीचे पेटंट घेतले. पाठोपाठ आर्बकल बंधूंनी भाजलेली कॉफी एकेक पौंडाच्या कागदी पिशव्यांत विकायला काढली. वास उडू नये म्हणून दाण्यांवर अंडे आणि साखर यांचा लेप. प्रशियाच्या राजाला हुंगे नेमून सहा वर्षांत जे साधले नाही ते कागदी पिशवीने बिनबोभाट साधले. बंदी लोक मोडतात, सोय मोडत नाहीत.

आपल्याकडे चित्र वेगळे होते. तमिळ आणि कन्नड घरांत विसाव्या शतकात बराच काळ कोळशाच्या शेगडीवर हाताने फिरवायचा छोटा डबा असे. भाजायचे, दळायचे आणि गाळायचे, सारे घरात. इथेही सरकार आले. १९४२च्या कायद्याने मळेवाल्याला घरखर्चापुरती आणि बियाण्यापुरती कॉफी ठेवून बाकीची कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावी लागे. ही व्यवस्था १९९०च्या दशकात टप्प्याटप्प्याने सुटली. चिकमंगळूर-कोडगूचा मळेवाला आज शहरातल्या घरी किलोभर कच्च्या बिया थेट पाठवू शकतो, तो त्यामुळे. आपल्या हौसेला जेमतेम तीस वर्षांचे स्वातंत्र्य आहे.

अमेरिकेत घरची भाजणी परतली ती मक्याच्या लाह्यांच्या यंत्रातून. मायकेल सिवेट्झ या रसायन अभियंत्याने १९७०च्या दशकात गरम हवेच्या झोतावर दाणे तरंगवणारी भट्टी केली. १९७८ मध्ये प्रेस्टो कंपनीने हवेवर चालणारे लाह्यांचे घरगुती यंत्र बाजारात आणले आणि हौशी मंडळींनी दोन्हींतले नाते ओळखले. वाळूचे काम हवा करू लागली. मात्र ज्या यंत्रात हवा बाजूच्या फटींतून येते तेच घ्यावे. तळाला जाळी असेल तर सुटलेले पापुद्रे तापत्या तारेवर पडून पेट घेऊ शकतात.

तर मग काय घ्यावे? माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या महिन्यात काहीच विकत घेऊ नये. जाड बुडाची लोखंडी कढई, लाकडी उलथने, शंभर ग्रॅम बिया, मध्यम आच, आणि दहा-पंधरा मिनिटे हात न थांबवणे. दाणे थोडे डागाळतील, पण हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा तपकिरी कसा होतो हे डोळ्याने दिसेल आणि तडतड कानात बसेल. हे शिक्षण काचेच्या, आकडे दाखवणाऱ्या महाग यंत्रात मिळत नाही. तिथे माणूस आकडेच बघत बसतो. त्यानंतर गॅसवर ठेवायचा, दांड्याने फिरवायचा डबा. विजेच्या यंत्राचा विचार तिसरा. पैसे आधी घालायचेच असतील तर ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यात घाला. कच्चे शंभर, भाजून पंचाऐंशी, असे वहीत टिपले की पुढच्या खेपेला अंदाज बांधता येतो.

आणखी एक साधन लोक विसरतात, ते म्हणजे गार करण्याचे. कढई उतरवली तरी दाणा आतल्या आचेने भाजत राहतो. दोन मोठ्या स्टीलच्या चाळण्या घ्याव्यात आणि पंख्यापुढे एकीतून दुसरीत ओतत राहावे. पापुद्रे उडून जातात, म्हणून हे गॅलरीत करावे. गार झालेली कॉफी डब्यात भरली तरी पहिला दिवस झाकण गच्च लावू नये. आतून वायू सुटत असतो.