नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, बार्शी

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील सेवाभावी संस्थेचे कर्करोग रुग्णालय. 'अश्विनी रूरल कॅन्सर रिसर्च अँड रिलीफ सोसायटी' ही संस्था ते चालवते. संस्थेच्या उभारणीत शल्यचिकित्सक डॉ. बी. एम. नेने यांचा वाटा सर्वांत मोठा. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी येथूनच चालली, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीबाबत जगभर आधार मानला जाणारा एक मोठा अभ्यासही येथूनच झाला. तालुक्याच्या गावातील रुग्णालयाला असे स्थान क्वचितच मिळते.

अभिनेत्री नर्गिस यांचे ३ मे १९८१ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्यावर न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात उपचार झाले होते. पुढे पती सुनील दत्त यांनी त्यांच्या स्मरणार्थ न्यास स्थापला. अमेरिकेतील भारतीयांकडून देणग्या जमवून भारतातील रुग्णालयांना मदत करण्याचे कामही त्याच नावाने सुरू झाले. बार्शीच्या रुग्णालयाच्या नावामागे हा इतिहास आहे. त्या काळी महाराष्ट्रात कॅन्सर म्हटले की परळचे टाटा हॉस्पिटल हेच एक नाव लोकांच्या तोंडी असे. ते १९४१ साली दोराबजी टाटा न्यासाच्या पैशातून उभे राहिले आणि १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. बार्शी-परांड्याकडच्या शेतकऱ्याला मात्र मुंबईत शेक (किरणोपचार) घ्यायचा म्हणजे महिना-दीड महिना शेत, जनावरे आणि मजुरी सोडून राहणे. उपचार फुकट मिळाला तरी हा खर्च कोणी भरून देत नसे. जिल्ह्याबाहेर न जाता उपचार मिळावेत ही गरज अशी साधी होती.

मात्र या संस्थेचे वेगळेपण इमारतीत किंवा यंत्रांत शोधू नये. ते १९८७ साली सुरू झालेल्या नोंदणीत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्याने बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ खेडी नोंदणीसाठी निवडण्यात आली. लोकसंख्या साधारण चार लाख. मुंबईत १९६३ पासून नोंदणी होत होती, पण तिची पद्धत शहरी होती. रुग्णालये, प्रयोगशाळा आणि मृत्यूचे दाखले तपासायचे, त्यातून आकडे काढायचे. खेड्यात हे जमणार कसे? तेथे निदानच झालेले नसे. बाई 'पोटात दुखतं' म्हणत वारे आणि दाखल्यावर कारण म्हातारपण पडे.

म्हणून बार्शीने उलट वाट धरली. क्षेत्रकर्मचारी ठरावीक काळाने गावोगाव फिरू लागले. सरपंच, शिक्षक, अंगणवाडीची बाई, दाई यांना भेटायचे, बैठका घ्यायच्या, न भरणारी जखम, छातीतली गाठ, अंगावरून जाणे ही लक्षणे सांगायची आणि ज्यांना ती आहेत त्यांना तपासणीसाठी रुग्णालयात आणायचे. नोंदणी म्हणून निघालेले काम अशा रीतीने लोकशिक्षण होऊन बसले. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचा परिणाम दिसतो: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले होते. तेव्हा तपासणीची कोणतीही मोहीम सुरू नव्हती. हा फरक नुसत्या बोलण्याचा होता. नोंदणीचा आणखी एक निष्कर्ष असा, की या भागात एकूण कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी, पण स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग मात्र सर्वांत पुढे. पुढे ही पद्धत उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि बीड जिल्ह्यांनाही लागू झाली.

ही पद्धत कोठेही जशीच्या तशी बसेल असे नाही. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्यात गाव म्हणजे डोंगरावर विखुरलेले पाडे, आणि दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्ट्यांवर किंवा वसई-भिवंडीकडे कामाला गेलेला. जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय तालुक्याचा आधार आहे, पण कर्करोगाच्या रुग्णाला नाशिक किंवा मुंबईच गाठावी लागते. तसे पाहता बार्शी-भूमच्या पट्ट्यातूनही ऊसतोडीला लोक जातातच. तेव्हा स्थलांतर हे काम न करण्याचे कारण होऊ शकत नाही; फेऱ्या कोणत्या महिन्यांत घालायच्या एवढेच त्यावरून ठरते.

नोंदणीतून पुढे आलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीबाबत ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात मोठी चाचणी सुरू झाली. फ्रान्सच्या लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे आर. शंकरनारायणन, टाटा मेमोरियल आणि बार्शी यांचे हे संयुक्त काम; पैसा मुख्यतः गेट्स फाउंडेशनचा. ४९७ गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची चार भागांत विभागणी झाली. एका भागाला या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर (पेशींची तपासणी), तिसऱ्याला ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्याला नेहमीची सेवा, म्हणजे प्रत्यक्षात काहीच नाही. तपासणी आयुष्यात एकदाच. एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आले. एचपीव्ही चाचणीच्या ३४,१२६ स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे ३४ मृत्यू, तर तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. पॅप स्मिअर आणि नुसत्या पाहणीने मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. जागतिक आरोग्य संघटना आता प्राथमिक तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीची शिफारस करते, तिच्यामागील पुराव्यांत या अभ्यासाचे वजन मोठे आहे.

या निकालाला वादाची बाजू आहे आणि ती झाकणे योग्य नाही. उपयुक्त तपासणी जगाला ठाऊक असताना हजारो स्त्रियांना ती न देता मृत्यू मोजणे नैतिक होते काय, असा आक्षेप अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी उस्मानाबादसह भारतातील तीन चाचण्यांवर घेतला. त्या भागात तेव्हा कोणतीच तपासणी उपलब्ध नव्हती, म्हणून 'नेहमीची सेवा' हीच खरी तुलना, असे संशोधकांचे उत्तर. उत्तर तर्काला धरून आहे. तरीही त्यात एक गोम उरते: ज्या सेवेचा अभाव तुलनेचा आधार ठरला, तो अभाव शासनाचा होता, बायकांचा नव्हे.

एचपीव्हीविरुद्धच्या लसीच्या अभ्यासातही बार्शी हे एक केंद्र होते. २००९ साली देशातील नऊ ठिकाणी १० ते १८ वयाच्या अविवाहित मुलींना एचपीव्ही लसीच्या दोन की तीन मात्रा पुरेशा, हे पाहण्याचे काम सुरू झाले. २० हजार मुली घ्यायच्या होत्या. आंध्र आणि गुजरातमधील दुसऱ्याच एका प्रकल्पात मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ उठला, आणि ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे सिद्ध झालेले नसतानाही एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारने असे सर्व लसीकरण थांबवले. तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती. कोणाला तीन मात्रा, कोणाला दोन, पुष्कळ जणींना एकच. ठरवून कोणी असा प्रयोग मांडला नसता. संशोधकांनी मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. १० वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेचे संरक्षण सुमारे ९५ टक्के आढळले, आणि एप्रिल २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने एका मात्रेलाही मान्यता दिली.